जागा कोणाची?

एक पद, आणि त्या पदास योग्य अशी माणसे मात्र एकाहून अधिक, ही अवस्था मनुष्यसमाजाला काही नवी नाही. उद्योगपर्वात पांडवांच्या सेनापतीची निवड व्हावयाची असते तेव्हा धर्मराज भावांचे मत विचारतो. सहदेव विराटाचे नाव घेतो, नकुल द्रुपदाचे, अर्जुन धृष्टद्युम्नाचे, तर भीम शिखंडीचे. नावे चार निघाली यात नवल नाही. कारणे चार जातींची निघाली हे अधिक लक्षात घेण्याजोगे आहे. एकाला आपल्या दुःखाचा वाटेकरी झालेला माणूस पुढे हवा. दुसऱ्याला वय, कुल आणि धीर यांचा मान राखावयाचा आहे. तिसऱ्याची दृष्टी केवळ तेजावर आणि पराक्रमावर. आणि चौथा समोरच्या सैन्यातील भीष्माकडे बोट दाखवून विचारतो की, याला मारील कोण? चौघेही प्रामाणिक आहेत. 'योग्य कोण' या एकाच प्रश्नाचे उत्तर आपण देत आहोत अशी चौघांचीही समजूत आहे. वस्तुतः ते चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावांतून दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस याच जातीचा वाद पेटतो. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा पहिला क्वार्टरबॅक कोण व्हावा, हा त्याचा विषय. वकील, दुकानदार, प्राध्यापक आणि रविवारी चर्चमधून बाहेर पडणारी कुटुंबे, सर्वजण त्यात हिरीरीने भाग घेतात. विषय पोरखेळाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या वादात लोक जे शब्द वापरतात ते खेळाचे नसतात. हक्क, लायकी, निष्ठा, कृतघ्नपणा, न्याय हे शब्द तेथे सर्रास ऐकू येतात. जेथे एवढे जड शब्द सहजी वापरले जातात तेथे काहीतरी खरोखरीचे गुंतलेले असले पाहिजे.

तिकडच्या फुटबॉलमध्ये पायाचा चेंडूशी संबंध क्वचितच येतो, हे आधीच सांगून टाकलेले बरे. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावयाचा, तो नेला की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येतो, आणि अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड गड्यांकडे लक्ष न देता त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवावयाचे असते की, तो लांब फेकावा, सोबत्याच्या हाती द्यावा, की आपणच घेऊन पळावे. इतर जागांवर गडी आलटून-पालटून खेळविता येतात. ही जागा मात्र सहसा वाटून देता येत नाही; ज्या संघाला दोन क्वार्टरबॅक आहेत त्याला एकही नाही, असे तेथील लोक म्हणतात. त्यात विद्यार्थ्याचे आयुष्य मोजके: सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम. म्हणजे ज्याची निवड होत नाही तो मैदानाच्या कडेला उभा राहून आपल्या वाट्याच्या चारांतील एक हंगाम संपताना पाहतो. तो हंगाम त्याला पुन्हा मिळणार नसतो.

या वादाचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण अलाबामा विद्यापीठाचे आहे. टस्कलूसा या गावी असलेल्या त्या विद्यापीठाच्या मैदानात लाखभर प्रेक्षक बसतात. यावरून तेथे या खेळाचे काय महत्त्व आहे हे कळावे. २०१६ मध्ये टेक्ससहून आलेला जेलन हर्ट्स हा कृष्णवर्णी मुलगा पहिल्याच वर्षी संघाचा क्वार्टरबॅक झाला आणि दोन हंगामांत त्याच्या हाताखाली संघाने अठ्ठावीस सामन्यांपैकी सव्वीस जिंकले. ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटा येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना जॉर्जिया विद्यापीठाशी झाला. मध्यंतराला जॉर्जियाचे तेरा गुण होते, अलाबामाचा एकही नव्हता. हर्ट्सने आठ वेळा चेंडू फेकला होता, त्यांपैकी तीनदाच तो आपल्या गड्याच्या हाती लागला, आणि त्यातून पदरी पडले एकवीस यार्ड. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतरानंतर त्याला कडेला बसविले आणि हवाईतून आलेल्या टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या डावखुऱ्या विद्यार्थ्याला मैदानात धाडले. तोवर हा मुलगा केवळ निकाल लागून चुकलेल्या सामन्यांच्या शेपटाकडे खेळलेला. मूळ वेळेत बरोबरी झाली. जादा वेळात टागोवायलोआ प्रथम सोळा यार्ड मागे रेटला गेला आणि पुढच्याच प्रयत्नात त्याने एकेचाळीस यार्डांची फेक करून डेव्होंटा स्मिथच्या हाती चेंडू दिला. अलाबामा २६-२३ असा जिंकला. दोन्ही मुले एकोणीस वर्षांची होती. पहिल्या वर्षात शिकणारा टागोवायलोआ वयाने उलट पाच महिन्यांनी मोठा.

त्यानंतरचे आठ महिने त्या राज्यात दुसरा विषय नव्हता असे म्हटले तरी चालेल. पुढच्या हंगामात जागा कोणाची? एक पक्ष म्हणे की, ज्याने सव्वीस सामने जिंकून दिले त्याला अर्ध्या सामन्यापायी दूर सारणे हा कृतघ्नपणा आहे. दुसरा म्हणे की, जो अधिक चांगला फेकतो त्याने खेळावे, यापलीकडे प्रश्नच नाही. आणि या दोहोंच्या आवाजात सहसा ऐकू न येणारा तिसरा पक्ष तेथे नेहमीच असतो: वर्षानुवर्षे मुकाट्याने सराव करणारा, कधीच न खेळलेला मुलगा, ज्याचे म्हणणे एवढेच की, मलाही एकदा.

अमर्त्य सेन यांनी २००९ च्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या ग्रंथात एक दृष्टांत दिला आहे. बासरी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारी मुले तीन. एकाला ती वाजविता येते, दुसऱ्यापाशी खेळणेच नाही, आणि तिसऱ्याने ती स्वतः राबून तयार केली आहे. तिघांचेही म्हणणे ऐकले तर तिघांनाही द्यावीशी वाटते. हा दृष्टांत आमच्या प्रकरणाला जवळजवळ हुबेहूब लागू पडतो. बासरी घडविणारा हर्ट्स, वाजविणारा टागोवायलोआ, आणि ज्याच्यापाशी काहीच नाही तो बाकावरचा निनावी मुलगा. बासरीचा हा दाखला फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स'मध्ये तो प्रथम घेतला आणि निर्णयही देऊन टाकला: उत्तम बासरी उत्तम वादकाला द्यावी, कुलीनाला किंवा देखण्याला नव्हे, कारण बासरी वाजविण्यासाठी असते. वस्तू कशासाठी आहे हे पाहिले की ती कोणाची हे ठरते.

माझे मत ॲरिस्टॉटलच्या बाजूस झुकते, आणि का झुकते हे सांगावयास हवे. क्वार्टरबॅकची जागा हे पारितोषिक नव्हे, ते काम आहे. पारितोषिक झाल्या गोष्टीबद्दल देतात. काम व्हावयाच्या गोष्टीसाठी सोपवितात. सव्वीस विजयांबद्दल हर्ट्सचा सत्कार करा, त्याचे नाव भिंतीवर कोरा, जन्मभर त्याचे ऋण माना. पण पुढच्या शनिवारी चेंडू कोणाच्या हाती असावा हे त्या सव्वीस विजयांवरून ठरत नाही. ठरावयाचे तर ते एवढ्याचसाठी की, मागील कर्तृत्व हा पुढील कर्तृत्वाचा एक पुरावा असतो. पुरावा म्हणून त्याचे मोल मोठे आहे; हक्क म्हणून नाही. बाकीच्या दहा गड्यांचा विचार केला म्हणजे हे अधिकच स्पष्ट होते. त्यांचेही हंगाम मोजकेच आहेत. एकाच्या कृतज्ञतेसाठी दहांच्या हंगामाची किंमत मोजावयाची तर ती त्यांना विचारून मोजावी लागेल.

एवढ्यावर समाधान मानून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण 'अधिक चांगला' हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? चांगुलपणाचा तराजू स्वयंभू नसतो, तो कोणाच्या तरी हातात असतो. आणि या विशिष्ट जागेच्या बाबतीत तो हात फार काळ स्वच्छ नव्हता. क्वार्टरबॅकला बुद्धी लागते, धीर लागतो, नेतृत्व लागते, असे म्हणावयाचे आणि म्हणून ती जागा काळ्या मुलाला द्यावयाची नाही, त्याला चपळाईच्या दुसऱ्या जागेवर हलवावयाचे, ही अमेरिकेतील जुनी रीत. अलाबामाच्या संघात १९७१ पर्यंत एकही काळा शिष्यवृत्तीधारक खेळला नव्हता. त्याच राज्यात वाढलेल्या काँड्रेज हॉलोवेला अलाबामाचे नामांकित प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी सांगितले की, काळा क्वार्टरबॅक स्वीकारण्याची या राज्याची अजून तयारी नाही. ही हकिकत खुद्द हॉलोवेने पुढे कथन केली आहे. तो शेजारच्या टेनेसीत गेला आणि १९७२ मध्ये दक्षिणेतील त्या विद्यापीठ-मंडळातील पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. त्या काळीही निवड 'गुणांवर'च होत होती. निदान निवडणारे तसेच म्हणत. म्हणून गुणांचा पक्ष घेणाऱ्यावर एक जास्तीची जबाबदारी येते: आपण काय मोजतो आहोत हे त्याने उघडपणे सांगितले पाहिजे. गुण पाहून निवड केली, एवढे म्हणणे हे कारण नव्हे. ते कारण टाळण्याचे एक प्रतिष्ठित साधन आहे.

यावर कोणी म्हणेल की, एवढी चिकित्सा कशाला? सेबन यांचा निर्णय बरोबर होता. संघ जिंकला की नाही? हा युक्तिवाद जितका लोकप्रिय तितकाच पोकळ आहे. त्या रात्री टागोवायलोआची एक फेक प्रतिपक्षाच्या हाती गेली होती. मूळ वेळ संपता-संपता अलाबामाच्या गड्याने जवळूनच मारलेली विजयाची लाथही हुकली होती. जादा वेळात सोळा यार्ड मागे गेल्यावर पुढची फेक हातभर चुकली असती, तर तोच निर्णय 'म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा सैरभैर जुगार' म्हणून इतिहासजमा झाला असता. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नैतिक दैव या कल्पनेची चर्चा केली. माणसाच्या कृतीचे बरेवाईट आपण तिच्या हेतूवरून ठरवितो असे म्हणतो. प्रत्यक्षात मात्र निकाल हाती येईपर्यंत निवाडा तहकूब ठेवतो. सेबन यांच्या बाजूने जे म्हणावयाचे ते सामन्याच्या निकालावरून नव्हे, तर मध्यंतराच्या वेळी त्यांना जे दिसत होते त्यावरून म्हटले पाहिजे: चेंडू पुढे सरकत नाही, वेळ थोडा आहे, आणि बाकावर बसलेला मुलगा सरावात लांब व अचूक फेकतो हे आपण वर्षभर पाहिले आहे. एवढ्यावरून तो निर्णय समर्थनीय ठरतो, आणि सामना हरला असता तरी तो तितकाच समर्थनीय राहिला असता.

म्हणजे टागोवायलोआला जागा मिळाली यात हर्ट्सवर अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. अन्याय झाला असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि लोकांनी आपला सगळा आवाज जागेच्या प्रश्नावर खर्च केल्यामुळे त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये हर्ट्स वार्ताहरांसमोर उभा राहिला आणि त्याने जे सांगितले त्याचा आशय असा की, सबंध वसंत ऋतूत मला काय वाटते हे प्रशिक्षकवर्गापैकी कोणी येऊन विचारले नाही. त्याने जागा मागितली नव्हती, दयाही मागितली नव्हती. त्याची तक्रार एवढीच होती की, माझ्याविषयी सर्व देश बोलतो आहे, आणि ज्यांच्यासाठी मी खेळलो ते माझ्याशी बोलत नाहीत.

या तक्रारीचे वजन कळण्यासाठी त्या मुलाचे व संस्थेचे नाते काय होते हे पाहावयास हवे. त्या वेळी तो कायद्याने आणि नियमाने विद्यार्थी होता. त्याला शिष्यवृत्ती मिळे, वेतन नाही. स्वतःच्या नावावर पैसा मिळविण्याची मुभाही त्याला नव्हती; ती पुढे २०२१ च्या जुलैत आली. त्याच्या प्रशिक्षकांचे वार्षिक उत्पन्न मात्र सत्तर लाख डॉलरांहून अधिक होते. वेतनाचा प्रश्न निघाला की संस्था म्हणे, ही आमची मुले आहेत, शिकावयास आली आहेत. जागेचा प्रश्न निघाला की तीच संस्था म्हणे, हा विजयाचा व्यवहार आहे, येथे भावनेला थारा नाही. विद्यार्थी म्हणून पैसा नाही आणि नोकरदार म्हणून करार नाही! ॲरिस्टॉटलचे बोट धरून मी मघाशी म्हटले की, वस्तू कशासाठी आहे ते पाहावे. विद्यापीठाचा संघ कशासाठी आहे, याची दोन उत्तरे सोयीप्रमाणे आलटून-पालटून देता येत नाहीत. विजयासाठी असेल तर राबणाऱ्याचा मोबदला द्या. शिक्षणासाठी असेल तर शिकणाऱ्याला निदान समोर बसवून, तुझी जागा का जाते आहे, हे वेळेवर सांगा. जागेवर त्याचा हक्क नव्हता हे खरे. कारण ऐकण्यावर होता.

त्याच हंगामात साउथ कॅरोलिनातील क्लेमसन विद्यापीठात दुसरे प्रकरण घडले. २०१७ च्या हंगामात केली ब्रायंट याने संघाला आपल्या मंडळाचे अजिंक्यपद मिळवून दिले होते. २०१८ मध्ये चार सामने झाल्यावर, संघ एकही सामना हरला नसताना, प्रशिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या ट्रेव्हर लॉरेन्सला त्याच्या जागी आणले. ब्रायंट दोन दिवसांत संघ सोडून गेला. त्याच वर्षी नियम झाला होता की, चारांहून अधिक सामने न खेळलेल्याचा हंगाम खर्ची पडत नाही. त्यामुळे त्याचे एक वर्ष वाचले आणि पुढे ते तो मिझुरी विद्यापीठाकडून खेळला. लगेचच्या शनिवारी, २९ सप्टेंबरला, लॉरेन्स जखमी झाला, आणि क्लेमसनने तो सामना तिसऱ्याच एका मुलाच्या हाताने कसाबसा जिंकला. योगायोग असा की, त्याच शनिवारी तिकडे अलाबामात हर्ट्स राखीव गडी म्हणून आपला पाचवा सामना खेळला, आणि एक वर्ष वाचविण्याची संधी त्याने जाणूनबुजून सोडून दिली.

या दोघांची तुलना करून ब्रायंटला स्वार्थी आणि हर्ट्सला साधू ठरविण्याची तेथे फार घाई झाली. मला ती मान्य नाही. भीष्माने अर्धरथी म्हणून हिणवल्यावर कर्णाने, भीष्म पडेपर्यंत शस्त्र धरणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. दहा दिवस तो युद्धाबाहेर राहिला आणि त्याची किंमत दुर्योधनाने दिली. परंतु कर्णाने मीठ खाल्ले होते, राज्य स्वीकारले होते. ब्रायंटने काय स्वीकारले होते? ज्या संस्थेने, आम्ही फक्त पुढच्या शनिवारकडे पाहतो, असे सांगून त्याची जागा काढून घेतली, तिला त्याने मागच्या शनिवारांकडे पाहून थांबावे असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. निष्ठा एकाच बाजूने मागता येत नाही. हर्ट्स राहिला ही त्याची देणगी होती. देणगी न देणारा ऋणको ठरत नाही.

देणगीचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १ डिसेंबर २०१८ रोजी, त्याच अटलांटाच्या मैदानात, त्याच जॉर्जियाविरुद्ध, अलाबामा सात गुणांनी मागे असताना टागोवायलोआ घोटा दुखावून बाहेर पडला आणि हर्ट्स आत आला. त्याने एक टचडाउन फेकून बरोबरी साधली, दुसरे स्वतः धावत जाऊन केले. सामना ३५-२८ असा जिंकला. कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण त्याला हसलो असतो. त्याच महिन्यात हर्ट्सने पदवी घेतली; पुढचा हंगाम तो ओक्लाहोमाकडून खेळला. व्यावसायिक खेळात गेल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने फिलाडेल्फियाच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. 'धीर धरला, फळ मिळाले' असे यावरून कीर्तन करता येईल, आणि अनेकांनी ते केलेही. पण ज्याचा सोबती जखमी झाला नाही, ज्याला पुन्हा कधी बोलावणे आले नाही, असे बाकावरचे मुलगे प्रत्येक विद्यापीठात आहेत. त्यांच्या धीरात हर्ट्सच्या धीरापेक्षा काही उणे होते काय?

आता तर हा सारा व्यवहारच पालटला आहे. २०२१ पासून विद्यार्थ्याला, वर्ष वाया न घालविता, दुसऱ्या विद्यापीठात जाऊन खेळता येऊ लागले. आणि २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. २०२५ पर्यंत वसंतातल्या सरावात जो मागे पडे तो उन्हाळ्यापूर्वीच बिऱ्हाड हलवी. जुने शौकीन हळहळतात की, निष्ठा गेली, बाकावर बसून वाट पाहणारा हर्ट्स आता दिसावयाचा नाही. ते बहुधा खरे आहे. मात्र दुसरी एक गोष्टही त्याबरोबर घडली आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलाला आज प्रशिक्षक आपण होऊन खोलीत बोलावतात, बसवितात, तुझ्या मनात काय आहे, तू राहणार की जाणार, असे विचारतात. तो निघून जाईल ही भीती त्यांना हे करावयास लावते. आदराने विचारले असते तर अधिक शोभले असते. परंतु आदर होता असे सांगणाऱ्या त्या जुन्या काळात कोणी विचारले नव्हते.